आवाज जपायचाय ना ताई? मग पित्त लपवू नका

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर,

मी गिरगावात राहते, वय ४७. गेली बावीस वर्षं गाण्याचे वर्ग घेते, भजन आणि नाट्यसंगीताचे कार्यक्रमही करते. गळ्यावरच माझं घर चालतं. दोन महिन्यांपूर्वी उजव्या बरगडीखाली असह्य दुखलं आणि सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलंय, तारीख पंधरा दिवसांवर आहे. ऑपरेशनची मला भीती नाही, भीती भुलेची आहे. भूलतज्ज्ञ म्हणाले, घशातून श्वासनलिकेत नळी घालावी लागेल. मी गाते असं सांगितल्यावर ‘काळजी घेऊ’ एवढंच म्हणाले. माझी नणंद ठाण्याला असते, तिशीची आहे, अंगाने काटकुळी. तिची दुर्बिणीतून गर्भनलिकांची तपासणी झाली, तेव्हा नळी घातलीच नाही. ‘आयजेल’ नावाचं काहीतरी घशात ठेवलं होतं आणि संध्याकाळी ती फोनवर नेहमीसारखी बोलत होती. मग मलाही तेच का नको? हट्ट धरला तर चालेल का?

आणखी एक. मला पित्ताचा जुना त्रास आहे. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. पण हे कळलं तर नळीच घालतील असं ओळखीच्या एका नर्सने सांगितलं, म्हणून फॉर्मवर ‘अ‍ॅसिडिटी’समोर ‘नाही’ लिहिलंय. चूक केली का? गणपतीला अजून दोन महिने आहेत, त्यात दोन कार्यक्रमांची विचारणा झालीय. होकार देऊ का?

– एक गायिका, गिरगाव

उत्तर

ताई,

सुरुवात तुमच्या पत्राच्या शेवटापासून करते. बाकीचं सगळं थोडं थांबू शकतं, हे थांबू शकत नाही. फॉर्मवरचं ते ‘नाही’ उद्याच जाऊन खोडा. जाणं जमलं नाही तर हॉस्पिटलला फोन करा, भूलतज्ज्ञांपर्यंत निरोप पोचवा आणि तो पोचला का ते पुन्हा विचारून घ्या. मी तुम्हाला रागवत नाहीये. आवाजावर पोट असलेल्या माणसाला ‘घशात नळी’ हे शब्द ऐकून काय होतं ते मी जवळून पाहिलंय. कीर्तनकार, शिक्षिका, वकील, कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणारी मुलं, सगळे हाच प्रश्न घेऊन येतात. पण आवाज वाचावा म्हणून तुम्ही जे लपवलंत, त्यानेच तुमच्या फुप्फुसांना धोका आहे. आणि दमसास कुठून येतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता नळी आणि आयजेल यांत फरक काय, ते सांगते.

पूर्ण भूल दिली की जीभ सैल होऊन मागे पडते, ठसका लागणं बंद होतं, आणि स्नायू सैल करणारं औषध दिलं की श्वासही थांबतो. मग श्वास मशीनने द्यायचा. मशीनची हवा फुप्फुसांपर्यंत कोणत्या वाटेने न्यायची, एवढाच प्रश्न उरतो. नळी, म्हणजे आमची एंडोट्रेकियल ट्यूब, साधारण करंगळीएवढी जाड, मऊ प्लास्टिकची आणि जराशी वाकलेली असते. ती तोंडातून, दोन स्वरतंतूंच्या मधल्या फटीतून श्वासनलिकेत उतरते. खालच्या टोकाजवळ तिला एक फुगा असतो. नळी जागेवर गेली की तो हवेने फुगवतात आणि श्वासनलिका चहूबाजूंनी बंद होते. पोटातून काही वर आलंच, तर हा फुगा त्याला वाटेत अडवतो.

आयजेल वेगळ्या घराण्यातलं. त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे लॅरिंजियल मास्क, ज्याला आम्ही एलएमए म्हणतो. लंडनमधले भूलतज्ज्ञ डॉ. आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये, दातांच्या कामासाठी भूल देताना नाकावर ठेवायचा एक मास्क नळीला जोडून त्याचा पहिला नमुना बनवला. हा मास्क स्वरतंतूंच्या मधून जातच नाही. जिभेच्या मागे, स्वरयंत्राच्या तोंडावर तो झाकणासारखा बसतो आणि त्याचं टोक अन्ननलिकेच्या तोंडाशी टेकतं. २००० मध्ये प्रोसील नावाचा मास्क आला. त्यात हवेच्या वाटेशेजारी एक बारीक दुसरी वाट दिली होती. तिच्यातून रायल्स ट्यूब, म्हणजे पोटातलं ओढून काढायची बारीक नळी, थेट पोटात सोडता येते, साठलेली हवा आणि पाणी ओढून घेता येतं. मास्कची दुसरी पिढी तिथून सुरू झाली. आयजेल २००७ सालचं, त्याच पिढीतलं. त्याला फुगवायचा फुगा नाही. टोकाशी होडीच्या आकाराची मऊ, अर्धपारदर्शक गादी असते, बोटाने दाबली तर जेलीसारखी दबते.

आम्ही सुरुवातीला वापरायचो ते मास्क रबरासारख्या सिलिकॉनचे होते. एकच मास्क धुऊन, वाफेत निर्जंतुक करून पुन्हा पुन्हा वापरायचा. चाळीस वेळा वापरायची मुभा होती, म्हणून प्रत्येकाबरोबर एक कार्ड असायचं आणि दर वापराला त्यावर खूण करायची. त्या मास्कांना पोटाची वाट नव्हती. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

तर तुमच्या नणंदेचा अनुभव खरा आहे. मास्क स्वरतंतूंच्या मधून जात नाही, त्यामुळे नंतर घसा दुखणं, आवाज बसणं कमी होतं. भुलेतून बाहेर येताना खोकल्याची उबळ कमी येते. मास्क बसवताना नाडी आणि रक्तदाबही नळी घालतानाइतके उसळत नाहीत. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना दुसऱ्या पिढीचे मास्क आणि नळी यांची तुलना करणारे बरेच अभ्यास झाले आहेत. हवा देण्याचं काम दोन्हींनी जवळपास सारखं केलं, असं त्यांतले बहुतेक सांगतात. पण त्या अभ्यासांत माणसं कोणती घेतली होती तेही पाहावं लागतं. बहुतेक ठिकाणी बेताच्या वजनाची, नीट उपाशी आणि घशाशी येण्याचा त्रास नसलेली. तुमच्यासारख्यांना सुरुवातीलाच वगळलेलं होतं. तेव्हा ‘मास्कही तेवढाच चांगला’ हा निष्कर्ष तुम्हाला लागूच होत नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं ते बघा. सर्जनना आत काम करायला जागा हवी, म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याचा दाब पाऱ्याच्या साधारण १२ ते १५ मिलिमीटर असतो. पोट तट्ट फुगतं. छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल, ज्याच्या जोरावर तुम्ही लांब तान घेता, ते वर ढकललं जातं आणि फुप्फुसांना जागा कमी पडते. त्यात हा वायू रक्तात शोषला जातो आणि श्वासावाटेच बाहेर पडतो. म्हणजे जागा कमी झाली असताना मशीनला हवा मात्र जास्त खेळवावी लागते. दाब वाढवावा लागतो. इथे झाकण किती घट्ट बसलंय ते कळतं. जुना मास्क पाण्याच्या २० सेंटीमीटरच्या आसपास दाब गेला की सुटायला लागायचा. नवे मास्क २५ ते ३० पर्यंत टिकतात. सडपातळ माणसाला तेवढं पुरतं, वजन जास्त असेल तर पुरेलच असं नाही. झाकणाच्या कडेने हवा सुटली की थोडी तोंडावाटे फुसफुसत बाहेर येते, थोडी अन्ननलिकेतून पोटात शिरते. मग पडद्यापलीकडून सर्जनचा आवाज येतो, “मॅडम, स्टमक फुगलंय, जरा रायल्सला सक्शन लावा.” फुगलेलं जठर नेमकं पित्ताशयाच्या वाटेत येतं.

आणि तुमच्या बाबतीत जठराच्या वरची झडप आधीच ढिली आहे. रात्री नुसतं आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी येतं, म्हणजे पोटात काही दाब नसताना ती झडप गळते. तिच्यावर खालून वायूचा दाब आणि वरून शिरलेली हवा आली तर काय होईल, याचा अंदाज करा. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, तीही सांगते. पित्ताशयाच्या ऑपरेशनला टेबलाची डोक्याकडची बाजू वर करतात आणि टेबल डावीकडे कलवतात, त्यामुळे पोटातलं वर यायला उतार मिळत नाही. स्त्रीरोगाच्या ऑपरेशनला उलट, डोकं खाली असतं. तरीही नुसत्या उतारावर मी भरवसा ठेवणार नाही.

मग नणंदेला नळी का घातली नाही? ती तिशीची, काटकुळी. आतून तपासणी करायची होती, ती सहसा थोड्या वेळात आटपते. जळजळ-बिळजळ तिला नसावी, असती तर तिने डॉक्टरांना सांगितली असती. तिच्या भूलतज्ज्ञांनी तिच्यासाठी योग्य निवड केली असं मला वाटतं. तुमच्या भूलतज्ज्ञांनी तुमच्यासाठी केलेली निवडही योग्य आहे, आणि तीसुद्धा तुमचा घशाशी येण्याचा त्रास माहीत नसताना.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला एक प्रसंग सांगते. एका छोट्या नर्सिंग होममध्ये विशीतल्या एका मुलाच्या हातातला रॉड काढायचा होता. अर्ध्या तासाचं काम. “काही खाल्लंस?” “नाही.” “पाणी?” “नाही.” मी जुना मास्क बसवला, सगळं ठीक चाललं होतं. दहाएक मिनिटांनी मास्कच्या पारदर्शक जोडणीत चहाच्या रंगाचं काहीतरी चढताना दिसलं, आणि त्यात खारीचे पापुद्रे होते. ओले, मऊ झालेले, एकावर एक चिकटलेले. टेबल डोक्याकडून खाली केलं, सक्शन मारलं, मास्क काढला, नळी घातली. थोडं तरी फुप्फुसात गेलंच होतं. दोन दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. सुदैवाने बरा होऊन चालत घरी गेला. सकाळी सहा वाजता नाक्यावर चहा-खारी खाल्ल्याचं त्याने नंतर सांगितलं. ऑपरेशन पुढे ढकलतील आणि नोकरीतली आणखी एक रजा जाईल, म्हणून लपवलं होतं. त्याचं कारण मला तेव्हाही समजलं होतं, तुमचंही समजतंय. पण त्या जोडणीतले पापुद्रे मी इतक्या वर्षांत विसरलेली नाही.

हे माझ्या एकटीच्या अनुभवावरून सांगत नाहीये. ब्रिटनमध्ये भुलेच्या वेळी श्वासमार्गावर ओढवलेल्या गंभीर प्रसंगांची देशभरातून वर्षभर नोंद केली गेली आणि २०११ मध्ये तिचा अहवाल आला. भुलेतल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण निघालं ते पोटातलं फुप्फुसात जाणं. ज्यांना मास्क वापरायला नको होता त्यांना तो वापरल्याचे प्रसंगही त्या अहवालात पुन्हा पुन्हा येतात.

आता त्या नर्सताईंनी तुम्हाला न सांगितलेली गोष्ट. त्रास लपवल्याने नळी टळणार नाही, भूलतज्ज्ञांनी ती ठरवलेलीच आहे. त्रास सांगितलात तर ती घालण्याची पद्धत बदलेल. फॉर्मवर ‘नाही’ असलं की आम्ही निवांतपणे झोपवतो, तोंडावर बाहेरून साधा मास्क धरून काही मिनिटं हवा देतो, औषधाचा अंमल पूर्ण चढू देतो आणि मग नळी घालतो. त्या मिनिटांत श्वासमार्गाला कसलंच संरक्षण नसतं. ‘घशाशी येतं’ हे माहीत असलं की तुम्हाला डोकं वर ठेवून झोपवतील, जागेपणीच तीन-चार मिनिटं भरपूर ऑक्सिजन देतील, झटपट लागू होणारी औषधं देतील आणि मध्ये फुंकून हवा न देता पटकन नळी घालतील. कदाचित शेजारी उभं असलेलं कुणीतरी गळ्याच्या घाटीखाली बोटांनी दाब देईल, म्हणजे अन्ननलिका मिटलेली राहील. सक्शन हाताशी चालू असेल. ही सगळी तयारी तुमच्या एका ‘हो’वर अवलंबून आहे.

मात्र नुसतं ‘पित्त आहे’ असं सांगू नका. आपल्याकडे हा एकच शब्द दहा आजारांना वापरतात. डोकं दुखून उलटी झाली तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, करपट ढेकर आले तरी पित्त. आणि खडे तर पित्ताचेच! पित्ताशयातल्या खड्यांचं दुखणं अ‍ॅसिडिटी समजून वर्ष-वर्ष गोळ्या घेतलेली माणसं मी दर महिन्याला पाहते. भूलतज्ज्ञांना यातला एकच प्रकार मुख्यतः हवा असतो: पोटातलं घशापर्यंत येतं का, केव्हा येतं, किती वेळा येतं. तुम्ही मला जसं लिहिलंत तसंच त्यांना सांगा. “आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, आठवड्यात इतक्या रात्री. रोज सकाळी अमुक गोळी घेते.” गोळीची स्ट्रिप बरोबर न्या. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ती घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, तेही विचारून ठेवा. बहुतेक ‘घ्या’च म्हणतील. मधुमेह असेल तर सांगा. वजनासाठी किंवा साखरेसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची नवी इंजेक्शनं चालू असतील तर ती आवर्जून सांगा. त्या औषधांनी जठर सावकाश रिकामं होतं, उपाशी राहूनही आत अन्न सापडू शकतं.

आता तुमच्या गळ्याबद्दल. हा तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग, त्यामुळे इथे गुळमुळीत बोलणार नाही. नळीनंतर घसा खवखवणं, आवाज थोडा घोगरा होणं हे बऱ्याच जणांना होतं. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत निवळतं. स्वरतंतूवर गाठ येणं किंवा स्वरयंत्रातला चिमुकला सांधा सरकणं असे प्रकार घडतात, पण क्वचित. तासाभराच्या, नीट पार पडलेल्या ऑपरेशननंतर ते फारच क्वचित. आवाजाला इजा होते ती बहुतांशी चार कारणांनी: नळी गरजेपेक्षा जाड असणं, ती घालताना दोन-तीनदा प्रयत्न करावे लागणं, फुगा फार फुगवणं, आणि जाग येताना नळीवर जोरात खोकणं. यातल्या प्रत्येकावर उपाय आहे आणि तो तुम्ही मागू शकता. हट्ट धरायचाच असेल तर इथे धरा.

भूलतज्ज्ञांना भेटून शांतपणे सांगा की तुम्ही व्यावसायिक गायिका आहात. ‘गाते’ एवढंच म्हटलंत तर हौस म्हणून गाता असं त्यांना वाटू शकतं. मग विचारा: नळी एक नंबर लहान चालेल का? नंबर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीची मिलिमीटरमधली रुंदी. बायकांना आम्ही सहसा ७ किंवा साडेसातची घालतो, तासाभराच्या कामाला ६ किंवा साडेसहाही चालून जाते. स्वरतंतू जेमतेम दीड सेंटीमीटर लांबीचे, त्यांच्यामध्ये अर्धा मिलिमीटरही मोजायचा असतो. दुसरं, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आहे का? त्यात छोट्या पडद्यावर स्वरतंतू मोठे, स्वच्छ दिसतात आणि पहिल्याच प्रयत्नात नळी सरळ मधून नेता येते. तिसरं, फुग्यातला दाब मीटरने मोजाल का? हातात मावेल असा गोल तबकडीचा मीटर असतो, काटा २० ते ३० च्या पट्ट्यात ठेवायचा. अनेक ठिकाणी बाहेरचा छोटा फुगा चिमटीत दाबून अंदाज घेतात, आणि अनुभवी बोटांचा अंदाजही पुष्कळदा चुकतो. तीसच्या वर दाब गेला की श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक अस्तराला रक्त कमी पोचतं आणि घसा तिथे दुखावतो. चौथं, उठवताना खोकला कमी यावा म्हणून काही करता येईल का? यासाठी औषधं आहेत. तुमच्या त्रासामुळे ते तुम्हाला पुरतं जागं करूनच नळी काढतील, ते बरोबरच आहे. पण जागं होणंही सावकाश, उबळ न येता होऊ शकतं.

स्वरतंतू बघून नळी घालता येते ती वाटही एका गाणाऱ्यानेच दाखवली, हे तुम्हाला आवडेल. माणसाच्या गळ्यात आवाज निघताना स्वरतंतू कसे हलतात ते मॅन्युएल गार्सिया नावाच्या स्पॅनिश गानशिक्षकाने १८५४ मध्ये दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःच्याच घशात पाहिलं. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने ते निबंधातून मांडलं. स्वर कुठून निघतो हे त्याला शिष्यांना शिकवायचं होतं. आज मी रोज जे पाहून नळी घालते, ते त्याने आपला आवाज समजून घेण्यासाठी पाहिलं होतं.

आणि खरं सांगायचं तर रोज रात्री घशाशी येणारं आम्ल तुमच्या आवाजाचं एका तासाच्या नळीपेक्षा जास्त नुकसान करत असेल. सकाळी आवाज लागायला वेळ लागतो, सारखं घसा खाकरावंसं वाटतं, वरच्या पट्टीत खरखर येते, असं होत असेल तर ऑपरेशननंतर कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा जरूर दाखवा. जमलं तर आधीच दाखवा, म्हणजे स्वरतंतू आज कसे आहेत याची नोंद राहील. पुढे काही वाटलं तर तुलना करता येईल.

उपाशी राहण्याबद्दल थोडक्यात. जड, तेलकट जेवणानंतर आठ तास, हलक्या खाण्यानंतर आणि दुधाच्या चहानंतर सहा तास, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. हा सर्वसाधारण नियम, पण तुमचे डॉक्टर सांगतील तोच पाळा. आणि उपाशी म्हणजे उपवास नव्हे. श्रावणी सोमवारी साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘काही खाल्लं नाही’ म्हणणारी माणसं मला भेटलेली आहेत आणि ती खोटं बोलत नव्हती, त्यांच्या लेखी तो उपवासच होता.

ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस कमी बोला, पण कुजबुजू नका. कुजबुजताना स्वरतंतूंवर उलट ताण येतो. खाकरू नका, डॉक्टरांनी परवानगी दिली की घोट घोट पाणी घेत राहा. घशापेक्षा पोटच तुम्हाला जास्त जाणवेल. खांद्यात दुखलं तर घाबरू नका, आत उरलेल्या वायूने श्वासपटल चुरचुरतं आणि ती कळ खांद्यात उमटते, दोन दिवसांत जाते. दमसासाला पोटाचे स्नायू लागतात आणि तिथे नुकतीच भोकं पाडलेली असतील, म्हणून पहिला आठवडा रियाजच नको. नंतर सर्जननी हो म्हटलं की मध्य सप्तकात हलक्या आवाजात, बसून, दहा-पंधरा मिनिटं. खर्जाची लांब साधना आणि तार सप्तक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत बाजूला ठेवा. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये आपल्याच मुंबईत, जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केली. त्याआधी बरगडीखाली वीतभर छेद घ्यावा लागायचा आणि नुसता खोल श्वास घ्यायलाही कितीतरी दिवस दुखायचं. त्या मानाने तुम्ही लवकर उभ्या राहाल.

घोगरेपणा आठवड्याभरात पूर्ण गेला नाही, तर गायिका म्हणून आणखी थांबू नका, तज्ज्ञांना स्वरतंतू दाखवा. गिळताना दुखत असेल किंवा आवाज फुटतच नसेल तर त्याच दिवशी कळवा.

तुमच्या जागी मी असते, रात्री आंबट पाणी येत असताना मला दुर्बिणीचं ऑपरेशन करून घ्यायचं असतं, तर मी नळीच घ्या म्हटलं असतं. लहान नंबरची, फुग्याचा दाब मोजलेली. तुम्हाला घशाशी येण्याचा त्रास नसता आणि वजन बेताचं असतं, तर ‘आयजेल किंवा प्रोसीलबद्दल विचारून बघा’ असंच मी लिहिलं असतं.

गणपतीच्या कार्यक्रमांना होकार द्या, दोन महिने पुष्कळ आहेत. दोन्ही कार्यक्रम लागोपाठच्या दिवशी घेऊ नका, मध्ये किमान दोन दिवस ठेवा. आणि आयोजकांना आत्ताच सांगून ठेवा की या वर्षी मध्यंतर थोडं मोठं हवं.